ए-नाइनवर गाडी थांबवा



आपली मराठी मंडळी श्रीलंकेला हौसेने जातात. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, सीता एलियाचं मंदिर, आणि परत. थोडे जण वावुनिया ओलांडून उत्तरेला, जाफन्याकडे जातात. आज मला त्या थोड्यांशी बोलायचं आहे, आणि सांगायचं आहे ते एवढंच: ए-नाइन रस्त्यावर गाडी थांबवा.

रस्ता आता उत्तम आहे. वावुनिया ते जाफना सुमारे १४० किलोमीटर. दोन्ही बाजूंना वन्नी या भागाचं झुडपी रान, तळी, भातखाचरं, पुढे ताडाची झाडं. गाडीत डोळा लागावा असाच प्रवास. आणि लागतोच, म्हणून तर मी बोलतोय.

हाच रस्ता श्रीलंकेच्या यादवी युद्धात वर्षानुवर्षं बंद होता. २००२च्या शस्त्रसंधीनंतर उघडला. ऑगस्ट २००६ मध्ये याच रस्त्यावरच्या मुहमालईला लढाई पेटली आणि पुन्हा बंद झाला. जाफन्यातल्या माणसाला कोलंबोला जायचं तर बोट नाही तर विमान. मे २००९ मध्ये युद्ध संपलं, डांबर आलं, बस सुरू झाल्या. पण याच रस्त्यावरचा ओमंताईचा तपासनाका त्यानंतरही काही वर्षं होता.

पाहुणे येणार म्हणून घरची बाई अंगण सारवते, सडा घालते, रांगोळी काढते. पाहुणा रांगोळी बघून अंगणातूनच मागे फिरला, तर त्याला घर कळलं का? आत चूल पेटते की नाही, कोणाचं पान वाढायचं थांबलं आहे, हे त्याला कसं कळणार? ए-नाइन हे वन्नीचं सारवलेलं अंगण आहे. निदान ओसरीवर टेका, पाणी मागा, दोन शब्द बोला. मात्र बोलावल्याशिवाय माजघरात शिरायचं नाही. हे शेवटचं वाक्य तिथे अगदी शब्दशः पाळायचं आहे. का, ते सांगतो.

मुहमालईला लढाईची आघाडी वर्षानुवर्षं एकाच जागी होती, त्यामुळे तिथे सुरुंग दाट पेरले गेले. लाल पाटीवर कवटी दिसली की पलीकडे पाऊल टाकायचं नाही. त्या पाट्यांमागे माणसं गुडघ्यांवर बसून, तोंडावर जाड काच लावून, दाताळ्याने माती ओढत एकेक सुरुंग शोधत आली आहेत. त्यांत बायका पुष्कळ. कित्येकींचे नवरे युद्धात गेलेले, घर त्यांच्याच पगारावर चालतं. मोकळी झालेली जमीन मालकाला परत मिळते, तिथे नारळ लागतो, घर उभं राहतं. ‘युद्ध कधीच संपलं की,’ असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा. देश सुरुंगमुक्त करण्यासाठी श्रीलंकेने मुदत घेतली आहे ती २०२८ची.

म्हणून पुन्हा सांगतो: गाडी थांबवा, पण पाऊल पक्क्या वाटेवरच ठेवा.

कुठे थांबायचं? मुरिकंडीला रस्त्याकाठी गणपतीचं लहानसं देऊळ आहे. तिथे सगळ्याच गाड्या थांबतात, ड्रायव्हर नारळ फोडतो. दारात भाजलेल्या शेंगा विकायला असतात, त्या घ्या. किलिनोच्चीत प्रवासी थांबत आले ते युद्धात पाडलेल्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढायला. त्याच गावात कंदस्वामी कोविल या देवळाजवळ फेब्रुवारी २०१७ पासून आया युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या मुलांचे फोटो घेऊन धरणं धरून बसल्या. टाकी बघायला थांबता, तर त्या आयांसाठीही थांबायला हवं. बोलता आलं नाही तरी चालेल, हात जोडता येतात.

आणखी एक, हे आपल्या माणसांबद्दल. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, महार रेजिमेंटमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ला ते जाफना भागात धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारताने तेव्हा श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेचे हजाराहून अधिक जवान तिथून परतले नाहीत. त्यांची आठवण ठेवून जा. आणि त्याच काळाबद्दल जाफन्यातली वयस्क माणसं जे सांगतात ते आपल्याला ऐकायला जड जाईल. तेही मान खाली घालून ऐका, वाद घालू नका. यावर खरं तर बरंच बोलायला हवं, पण घड्याळ पुढे गेलं आहे.  

सहल ठरवताना एवढं करा. वावुनियाच्या पुढे एक दिवस जास्त ठेवा. सकाळी निघतानाच ड्रायव्हरला सांगा की घाई नाही, मुरिकंडीला थांबायचं, किलिनोच्चीला थांबायचं, जेवण तिथल्याच एखाद्या लहान खाणावळीत घ्यायचं. तुमचे चार पैसे वन्नीतल्या माणसाच्या हातात पडू द्या.