आपल्याला पाठवले कोणी?



धोरण सल्लागारांची आपली परिषद पुण्यात भरते आहे, तेव्हा बोलायला सुरुवात इथल्याच एका संस्थेपासून करायला हवी. २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या घटनेत एक अट होती. ज्याला सभासद व्हायचे असेल, त्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुख्त्यारपत्र आणायचे. सुरुवातीचे ९५ सभासद अशा रीतीने सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बोलत होते. कायदेमंडळावर निवडून जाण्याची सोयच नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सरकारदरबारी अर्ज घेऊन जाणाऱ्याला ‘तुम्हाला पाठवले कोणी?’ असे विचारले जाणार, हे त्या मंडळींनी आधीच ओळखले होते.

पुढे न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेच्या अर्जांना आकडेवारीचे बळ मिळाले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने दुष्काळी भागांत माणसे पाठवून माहिती जमवली आणि ती सरकारपुढे मांडली. १८९७ मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांचे वय होते ३०. त्यांच्या साक्षीमागे रानड्यांचे मार्गदर्शन होते, तसेच गणेश व्यंकटेश जोशी या सरकारी शाळेतल्या शिक्षकाने केलेले आकड्यांचे कामही होते. आपल्या कचेऱ्यांत रात्री जागून तक्ते तयार करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी हे दुसरे जोशी जरूर वाचावेत.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे. गावात काम मागणाऱ्याला काम देण्याची हमी शासनाने घ्यावी, हा त्यांचा आग्रह. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात या रोजगार हमी योजनेने राज्यभर जोर धरला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा, याचे उत्तरही शोधले गेले. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आपल्या पगारपत्रकात तो आजही दिसतो. कोणाला मिळणार आणि कोण भरणार, या दोन्ही बाजू उघडपणे मांडून केलेला धोरणाचा पाठपुरावा म्हणून मी या योजनेला फार वरचे स्थान देते. केंद्राने २००५ मध्ये केलेल्या रोजगार हमीच्या कायद्याला महाराष्ट्राचा हाच अनुभव उपयोगी पडला.

आता आजच्या आपल्या धंद्याकडे येते. मसुदा अधिसूचना निघाली की हरकती-सूचना लिहायच्या, शिष्टमंडळ घेऊन मंत्रालयात जायचे, कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीपासून वित्त विभागाच्या अभिप्रायापर्यंत फाईलचा माग ठेवायचा. हे काम लोकशाहीला हवे आहे, असे मी मनापासून मानते. साखर, औषधे, शिक्षण, वीज या प्रत्येक विषयातले बारकावे कोणत्याच खात्याला एकट्याने कळणार नाहीत. पण या कामाची, म्हणजे लॉबिंगची, नोंद कुठे होते? अमेरिकेत अशा नोंदीचा कायदा १९४६ मध्ये आला, १९९५ मध्ये तो नव्याने झाला. आयर्लंडने २०१५ मध्ये केला. आपल्याकडे तो नाही.

त्याचा परिणाम आपण २०१२ च्या डिसेंबरात पाहिला. वॉलमार्टने अमेरिकेच्या सिनेटला सादर केलेल्या लॉबिंग खर्चाच्या अहवालांत भारतीय बाजारपेठेत प्रवेशाचा विषय होता. त्यावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. भारताच्या धोरणासाठी कोण खटपट करत होते, हे भारतीय खासदारांना वॉशिंग्टनच्या दप्तरातून कळावे, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

केंद्राने फेब्रुवारी २०१४ मध्ये ठरवले की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. तो निर्णय चांगला आहे, पण त्याला कायद्याचे बंधन नाही. शिवाय मसुदा इंग्रजीत असला, तर लासलगावच्या कांदा उत्पादकाने हरकत नोंदवायची कशी? त्याच्या वतीने बोलणारे या सभागृहात फार थोडे आहेत. ज्याला शुल्क परवडते त्याचेच म्हणणे नीट टंकलेले, तक्त्यांसह मंत्र्यांच्या टेबलावर पोहोचते. हा अन्याय आपल्या व्यवसायातून घडतो आणि तो कमी करणेही आपल्याच हातात आहे.

लॉबिंगच्या नोंदीचा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर थांबण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून मी ठराव मांडते: या परिषदेचा प्रत्येक सभासद शासनाला देईल त्या प्रत्येक निवेदनाच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहील. हे काम कोणाच्या पैशाने झाले, कोणाच्या वतीने बोलतो आहोत आणि या धोरणाची झळ ज्यांना बसेल त्यांपैकी कोणाशी आपण बोललो. त्याबरोबर, वर्षातून निदान एक काम शुल्क न घेता, मराठीतून, ज्यांना आपल्यापर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी करील. काही अशील यामुळे दुरावतील, याची मला जाणीव आहे. तरीही आपण हा ठराव आजच संमत करावा, अशी माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.