एक जागा, एक वर्ष, एक कॅमेरा



निसर्गछायाचित्रण शिकवतो म्हटलं की मला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" दुसरा प्रश्नही ठरलेला: "ताडोबाला कधी जाऊ?" आज मी या दोन्ही प्रश्नांना बगल देणार आहे. कॅमेरा तुमच्याकडे आहे. तो खिशातल्या फोनमध्ये असला तरी चालेल. आणि जागा तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. ती कोणती, एवढंच शोधायचं आहे.

मी हैदराबादला राहतो. इथे वाघ नाही, बर्फाची शिखरं नाहीत, समुद्र नाही. इथे दगड आहेत. शहराच्या कडेला, आता तर शहराच्या पोटातच, ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत. तेलुगूत अशा टेकडीला गुट्टा म्हणतात. मी विद्यार्थ्यांना आधी या दगडांकडेच नेतो. बरेच जण पहिल्या दिवशी नाराज होतात. "दगडाचा काय फोटो काढायचा?" असं तोंडावर विचारतात. आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी समोर काय आहे ते समजून घेऊ. आपल्यापैकी ज्यांचं गाव महाराष्ट्रात आहे त्यांच्या डोळ्यांना दगड म्हणजे काळा पाषाण. सह्याद्रीचा बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याचे थर आडवे असतात, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात. हैदराबादचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी म्हातारा. वय साधारण 250 कोटी वर्षं. तो जमिनीखाली खोलवर थिजला. वरचा भार झिजून गेला तसा तो वर आला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरलं. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे सगळ्यांत आधी कुजतात, कारण तिथे पाणी अनेक बाजूंनी लागतं. कोपरे गेले, ठोकळा गोल झाला. मग भोवतालची भुसभुशीत माती पावसानं वाहून गेली आणि गोल धोंडे एकावर एक उरले. कोणी रचले नाहीत. मधलं निघून गेलं म्हणून ते तसे दिसतात.

हे भूगर्भशास्त्र मी छायाचित्रणाच्या वर्गात का सांगतो? कारण ते कळल्यावर पुढच्या भेटीत विद्यार्थ्यांचे फोटो बदलतात. पहिल्या दिवशी सगळे "केवढा मोठा दगड" असा फोटो काढतात. नंतर कोणी दोन धोंड्यांमधल्या हातभर फटीपाशी थांबतं. कोणी कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटलेला थर टिपतं. कोणाला गुलाबी ठिपके दिसतात. ते फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे. सर्जनशील दृष्टी आकाशातून पडत नाही. समोरच्या वस्तूबद्दल तुम्हाला काही कळलं, त्याबद्दल काही वाटलं, की नजर थांबते. नजर थांबली की चौकट सुचते.

आता प्रकाश. दगडाइतका प्रामाणिक शिक्षक नाही, कारण तो हलत नाही. फोटो बदलला तर तो प्रकाशामुळेच बदलला. माझा पहिला गृहपाठ असा: एकच धोंडा, एकच उभं राहायचं ठिकाण, आणि चार वेळा. सूर्योदयाला, सकाळी दहाला, भर दुपारी आणि सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी. चारही फोटो शेजारी ठेवा. सकाळी तिरका प्रकाश पृष्ठभागाला घासत जातो आणि प्रत्येक खड्ड्याची सावली पडते, म्हणून पोत दिसतो. दुपारी पोत जातो, पण धोंड्याखालची सावली शाईसारखी गडद होते आणि आकार ठसठशीत दिसतो. सूर्य मावळल्यावर सावल्याच नसतात, आणि तोच दगड मऊ वाटतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. छायाचित्रणाची पुष्कळशी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे सूर्य तिरका चढतो आणि सोनेरी प्रकाश बराच वेळ टिकतो. आपल्याकडे तो भराभर चढतो. हैदराबादच्या अक्षांशावर मार्च महिन्यात सूर्य क्षितिजापासून 10 अंश वर यायला जेमतेम पाऊण तास लागतो. चहा पिऊन निघू म्हटलं तर प्रकाश गेलेला असतो. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो साधारण 49 अंशांवरच असतो. म्हणजे हिवाळ्याची दुपार कामाची आहे. हे हिशोब तुमच्या गावासाठी थोडे बदलतील. इंदूरला वेगळे, तंजावरला वेगळे. एक वही ठेवा आणि तुमच्या जागेचं स्वतःचं पंचांग तयार करा.

आता मुख्य मुद्दा. मी विद्यार्थ्यांना सांगतो, नाम टिपू नका, क्रियापद टिपा. "दगड" हे नाम झालं. त्याचा फोटो म्हणजे ओळखपत्राचा फोटो. आता विचारा, हा दगड करतोय काय? तोल सांभाळतोय. ओणवा झालाय. पाणी धरून ठेवतोय. पिंपळाच्या मुळाला वाट देतोय. क्रियापद सापडलं की कॅमेरा कुठे धरायचा हे आपोआप ठरतं. तोल दाखवायचा असेल तर टेकलेला तो वीतभर भाग चौकटीत हवाच, आणि वर भरपूर मोकळं आकाश हवं. पाणी धरून ठेवणं दाखवायचं असेल तर गुडघ्यावर बसावं लागेल, कारण उभ्यानं पाहिलं तर ते नुसतं डबकं दिसतं.

आपली मराठी इथे मदतीला येते. दगड, धोंडा, खडक, कातळ, शिळा, गोटा, चिरा, पाषाण. प्रत्येक शब्दाची नजर वेगळी आहे. कातळ म्हटलं की पसरलेला, पायाखालचा. शिळा म्हटलं की सपाट, काहीतरी पेलणारी. गोटा म्हटलं की हातात मावणारा, गुळगुळीत. एक दिवस फक्त "कातळ" शोधत फिरा, दुसऱ्या दिवशी फक्त "शिळा". जागा तीच, फोटो वेगळे येतील. परराज्यात वाढलेल्या आपल्या मुलांना हे शब्द शिकवायचाही हा चांगला मार्ग आहे. तोंडपाठ करून घ्यायची गरज पडत नाही.

फोटो काढण्याआधी तो मनात दिसणं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण दगडाचंच आहे. 10 एप्रिल 1927. अमेरिकेतलं योसेमिटी. 25 वर्षांचा ॲन्सेल ॲडम्स हाफ डोम नावाच्या ग्रॅनाइटच्या कड्यासमोर उभा होता. जवळ दोनच काचेच्या प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यानं पिवळा फिल्टर लावून वापरली. मग त्याच्या लक्षात आलं, या फोटोत कडा येईल, पण कड्यासमोर उभं राहून जे दडपण जाणवतंय ते येणार नाही. शेवटच्या प्लेटला त्यानं गडद लाल फिल्टर लावला. निळं आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून पुढे आला. डोळ्यांना दिसत होतं तसं ते चित्र नव्हतं, त्याला जाणवत होतं तसं होतं. तुमच्याकडे दोन प्लेट नाहीत, दोन हजार फोटोंची जागा आहे. म्हणून मी बंधन घालतो: एका फेरीत फक्त 12 फोटो. तेरावा नाही. चौथ्या-पाचव्या फेरीपासून माणसं बटण दाबण्याआधी विचार करू लागतात.

तंत्र किती लागतं? फार नाही, पण थोडं नीट लागतं. कॅमेऱ्याचा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. धुक्याची सकाळ असेल तर तो तिला मळकट करतो, म्हणून उजेड एक पायरी वाढवा. पावसात भिजलेला काळपट दगड तो उगाच फिका करतो, म्हणून थोडा कमी करा. फोनवर बोट टेकवून सूर्याची खूण वर-खाली सरकवली की हेच होतं. पोलरायझर असेल तर तो फिरवून ओल्या दगडावरची चकाकी कमी करता येते. पण फिरवताना पाहत राहा, कधी कधी ती चकाकीच फोटोचा जीव असते. तिकाटणं असेल तर वाऱ्याच्या दिवशी पाव सेकंदाचं एक्स्पोजर द्या. गवत धूसर होईल, दगड रेखीव राहील. हलणारं आणि न हलणारं एका चौकटीत आलं, म्हणजे काळाची गोष्ट सांगून झाली.

दगडांवर वस्तीही आहे. विणीच्या हंगामात नर सरड्याची पाठ लालभडक आणि बाजू काळ्या होतात, तेव्हा तो उंच धोंड्यावर मिरवत बसतो. कपारीत शृंगी घुबड अंडी घालतं. इथे माझे नियम कडक आहेत. घरट्याच्या जवळ जायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. पक्षी उडून गेला तर तेवढा वेळ अंडी उन्हात राहतात आणि तुमच्या मागोमाग कावळ्यालाही जागा कळते. अनेक स्पर्धा आता घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत. सरड्याला खडा मारून "पोज" मिळवायची नाही. फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहायचं नाही. ज्याच्यामुळे फोटो मिळाला त्याला तुमच्या येण्याचा त्रास झाला असेल, तर तो फोटो कितीही सुंदर असो, माझ्या वर्गात त्याला जागा नाही.

चेन्नईचे एम. कृष्णन आठवतात. 1950 पासून 1996 मध्ये जाईपर्यंत त्यांनी 'द स्टेट्समन'मध्ये 'कंट्री नोटबुक' हे सदर लिहिलं. हत्तींचे त्यांचे कृष्णधवल फोटो नावाजलेले आहेत. पण त्यांच्या लिखाणात कावळा, खार, अंगणातले प्राणीही तितक्याच आस्थेनं येतात. जवळचं नीट पाहणारा माणूसच दूरचंही नीट पाहतो, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आता एका काकूंबद्दल सांगतो. निवृत्त शिक्षिका, मूळच्या नांदेडच्या, वय सत्तरच्या आसपास. कॅमेरा नाही, मुलाचा जुना फोन. त्यांच्या वसाहतीमागे दोन मोठे धोंडे होते. गुडघे दुखतात म्हणून त्या लांब येऊ शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी तेच निवडले. चौदा महिने, आठवड्यातून दोनदा. पावसात धोंड्याच्या खळग्यात साचलेलं तळं आणि त्यात उतरलेलं आकाश. उन्हाळ्यात सावलीला आलेल्या शेळ्या. संक्रांतीला वर अडकलेला पतंग. नंतर शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आणि मोठा धोंडा चार दिवसांत फुटला. 250 कोटी वर्षं आणि चार दिवस.

काकूंचे फोटो त्याला वाचवू शकले नाहीत, हे खरं आहे. पण त्यांनी ते वसाहतीच्या बैठकीत क्रमानं दाखवले. भाषण केलं नाही. बैठकीला आलेल्यांपैकी कित्येक जण त्या दगडासमोरून रोज गाडी काढत होते, आणि तो त्यांनी पहिल्यांदा त्या रात्री पाहिला. दुसरा धोंडा वसाहतीच्या हद्दीत होता. तो फोडून तिथे पार्किंग करायचा ठराव होता. तो मागे घेतला गेला. आज त्या धोंड्याभोवती बाक आहेत.

हैदराबादेत 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था अनेक वर्षं या दगडांसाठी झटते आहे. दगडाला घर नाही, मत नाही, ओरडता येत नाही. तो कुठे होता, कसा होता, त्यावर काय जगत होतं, हे सांगणारा पुरावा लागतो. तारीखवार काढलेले साधे फोटो असा पुरावा असतात. म्हणून प्रत्येक फोटोची तारीख जपा आणि मूळ फाइल पुसू नका.

तर मंडळी, गृहपाठ. या आठवड्यात जागा निवडा. बडोद्यात असाल तर विश्वामित्रीचा काठ, बेळगावात असाल तर एखादं माळरान, बंगळुरात असाल तर जवळचा तलाव. काही नाही तर रस्त्यावरचं एक झाड. सुरक्षित, पायी पोचता येईल असं. पहिल्या फेरीत फोटो काढू नका, अर्धा तास बसा आणि वहीत पाच क्रियापदं लिहा. दुसऱ्या फेरीपासून बारा फोटो. दर महिन्याला त्यातला एकच निवडून कागदावर छापा. वर्षाखेरीस बारा फोटो भिंतीवर लागतील.

तेव्हा मला कळवा, कॅमेरा कोणता होता ते. मला वाटतं, तोवर ते सांगायचं तुमच्या लक्षातही राहणार नाही.