मॅटाडोरमधून ओंकारेश्वरापर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला नर्मदा परिक्रमेवर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. पण परिक्रमेवर आपल्या भाषेत पुस्तके थोडी का आहेत? गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आपल्यापैकी बहुतेकींनी वाचलेली असेल. भारती ठाकूरांनी तर परिक्रमा करून पुढे तिकडच्याच मुलांसाठी शाळा काढल्या. त्या वाटेविषयी त्यांच्याहून निराळे मी काय सांगणार? शिवाय परत आल्यापासून मला जी ती विचारते ते चालण्याबद्दल नव्हेच. पहिला प्रश्न, ‘त्या खटाऱ्यातून तुम्ही इतक्या लांब गेलात कशा?’ आणि दुसरा, जरा हळू आवाजात, ‘ह्यांनी सोडलं कसं हो?’ म्हणून पायी चालू लागण्याच्या आधीचेच आज सांगते. परिक्रमा ज्यांना ऐकायची असेल त्यांनी दुपारी घरी यावे, चहा मिळेल.

आमची मॅटाडोर आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्यातून नारळ गेले, पांढरा कांदा गेला, लग्नाची वऱ्हाडे गेली, आणि मंडळाच्या हळदीकुंकवाची भांडीही गेली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी. त्या कंपनीचे नावसुद्धा २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले, पण आमच्या गाडीच्या नाकावर जुनेच नाव आहे. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्यासाठी पेणला खेपा घालताना आमचे हे एरवी देवळात जात नाहीत इतक्या भक्तीने जातात. गाडीत बदल करायचा तर परवानगी हवी, म्हणून आम्ही एकही खिळा ठोकला नाही. दोन्ही बाजूंच्या बाकांवर आडव्या फळ्या टाकल्या, वर गाद्या. पायथ्याशी पाच किलोचा गॅस, पाण्याचे दोन कॅन, खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे पडदे. झाले घर!

बरोबर कोण, तर आमच्या वन्सं. ह्यांच्या थोरल्या बहीण, वय ६६. यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. परिक्रमेचा विचार मूळ त्यांचा. माझे वय ६१. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, तेव्हा पायी चालण्याचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, “गाडीने करू. पंधरा-वीस दिवसांत होते.” आणि तशी होतेही, बसगाड्या भरभरून लोक जातात, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण वन्संना पायीच जायचे होते, आणि खरे सांगायचे तर मलाही. अडतीस वर्षांत मी वाडीला पाणी लागले की नाही ह्याचा विचार न करता एक सकाळ काढली नव्हती. त्यात २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आले आणि आमच्या सुपाऱ्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या पडल्या. आपणा कोणाच्या पडल्या नाहीत? नवी रोपे लावली, ती जगवायची, फळ धरेपर्यंत पाचसहा वर्षे थांबायचे. ह्यांचे म्हणणे, रोपे लहान असताना घर सोडायचे नाही. माझे म्हणणे, रोपे मोठी होईपर्यंत माझे गुडघे थांबतील का?

शेवटी तडजोड अशी ठरली, की आधी गाडीची आणि आमची, दोघींची परीक्षा घ्यायची. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही आपल्याच किनाऱ्याने निघालो. त्याआधी दोन महिने वन्सं आणि मी पहाटे पाठीवर सहा किलोचे ओझे घेऊन भोवाळ्याच्या दत्ताच्या पायऱ्या चढत होतो. ओझे म्हणजे तांदूळ. लोकांना वाटे, दोघी रोज दत्ताला शिधा नेतात!

हा किनारा आपला म्हणायचा, पण मी तो एस.टी.च्या खिडकीतून आणि तोही लग्नकार्याच्या घाईतच पाहिलेला. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला थांबलो. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली आजही घराघरांत बोलतात. पाण्याच्या नळावर दोघी बायका भांडत होत्या. शब्द एक कळेना, भांडण मात्र सगळे कळले. काशीदच्या सुरूंखाली पहिली रात्र काढली. मुरूड मागे टाकून आगरदांड्याला गाडी बोटीवर चढवली. आमची मॅटाडोर खाडीवरून तरंगत दिघीला जाते आहे आणि हे ब्रेकवर पाय गच्च दाबून बसले आहेत, असे ते दृश्य. बोट वल्हवायची जबाबदारी जणू त्यांच्याचकडे होती. पलीकडे दिघीला वन्संनी ताजे बोंबील घेतले. परिक्रमेत मासळी बंद, तेव्हा निरोपाचे म्हणून तीन दिवस आम्ही दुसरे काही खाल्ले नाही.

दिवेआगरला सोन्याच्या गणपतीचे देऊळ. १९९७ साली बागेत खणताना तो मुखवटा सापडला आणि २०१२ च्या मार्चात दरोडेखोरांनी तो नेला. राखणदार दोघे जिवानिशी गेले. त्या गावी नारळी-पोफळीच्या बागांतून चालताना मधेच उघडे आभाळ दिसे. तिथे वादळाने झाडे नेलेली. श्रीवर्धनला, म्हणजे बाळाजी विश्वनाथांच्या गावी, रोठा सुपारीचीही तीच गत. एका बागेत आजीबाई नव्या रोपांना झावळ्यांची सावली करीत होत्या. हे त्यांच्याजवळ तासभर बसले. काय बोलणे झाले मला ठाऊक नाही, पण गाडीत बसताना म्हणाले, “त्यांची रोपं आपल्याहून लहान आहेत, आणि त्या ऐंशीच्या आहेत.” एवढेच. मी काही बोलले नाही. अशा वेळी बायकांनी बोलू नये, नाहीतर होत आलेले काम बिघडते.

हरिहरेश्वरला जी गोष्ट पाहिली ती मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण जी ती देवदर्शन करून परत फिरते आणि मागची वाट राहून जाते. देवळामागून पायऱ्या चढून डोंगराच्या खिंडीतून खाली उतरले, की समुद्राच्या अंगाने खडकाखडकावरून प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या काळ्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. ही वाट ओहोटीलाच चालायची. भरतीला पाणी खडकावर येते आणि माणसे वाहून गेल्याचे प्रकार झालेले आहेत. तेव्हा आधी देवळात वेळ विचारावी आणि मगच उतरावे. आम्ही पहाटे ओहोटी पाहून निघालो. उजव्या हाताला डोंगर, डावीकडे समुद्र, पायाखाली ओलसर खडक. वन्सं पुढे, मी मागे. हे वर पायरीवर बसून राहिले. प्रदक्षिणा पुरी करून आम्ही पलीकडून आलो तेव्हा ते घड्याळ हातात धरून उभे होते. “फार वेळ लागला,” म्हणाले. पाऊण तास झाला होता! त्या पाऊण तासाला ज्यांचा जीव असा झाला, ते साडेचार महिने कसे काढणार, ही काळजी मला तेव्हा प्रथम वाटली.

परतताना महाडवरून पाचाडला गेलो. जिजाबाईंच्या समाधीला नमस्कार करून वन्सं आणि मी रायगड पायऱ्यांनी चढलो, आणि हे रज्जुमार्गाने. १९९६ पासून ही सोय झाली आहे. चौदाशेंवर पायऱ्या आणि पाठीवर तेच तांदूळ. होळीच्या माळावर हे आमची वाट पाहत होते, हातात ताकाचे दोन पेले. “पास,” म्हणाले. गाडीही पास झाली, फक्त क्लचची तार एकदा तुटली.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. नर्मदेची परिक्रमा चातुर्मासात चालत नाहीत, म्हणून बहुतेक लोक कार्तिकी एकादशीनंतर संकल्प सोडतात. चौलपासून ओंकारेश्वर सहाशेंच्या वर किलोमीटर. आमची गाडी ताशी पन्नासाच्या वर गेली की बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे चार दिवस धरले होते. पनवेल, भिवंडी, शहापूर येथपर्यंत सारे सुरळीत. कसारा घाटात मात्र रेडिएटरची खालची नळी फुटली आणि गाडीतून गिरणीसारखी वाफ निघू लागली. नळी होती जुनी, चढ खडा, आणि खालच्या गियरमध्ये इंजिन फिरते जोरात पण वारा लागत नाही. रेल्वेसुद्धा त्या घाटात मागून जादा इंजिन लावते, मग आमच्या म्हातारीला काय बोल लावायचा? अशा वेळी रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. अर्धा तास थांबलो. मी गॅस पेटवून चहा केला. एक ट्रकवाला थांबला. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून नळीवर घट्ट गुंडाळली, वर तार आवळली, दोन पेले चहा प्याला आणि पैशाचे नाव काढू दिले नाही. कुठे जाता म्हणून विचारले, आम्ही सांगितले. त्यावर तो ट्रकला हात लावून म्हणाला, “नर्मदे हर.” परिक्रमेत पुढे हे शब्द दिवसातून शंभरदा ऐकले, पण पहिल्यांदा ऐकले ते कसाऱ्यात. ती पट्टी नाशिकपर्यंत टिकली. तिथे नवी नळी बसवली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

तिसऱ्या रात्री आम्ही शिरपूरच्या पुढे एका ढाब्याच्या आवारात गाडी लावली होती. थंडी मी म्हणत होती. जेवणे झाली आणि ह्यांनी नवीच योजना काढली. “तुम्ही दोघी चाला. मी काठाकाठानं गाडी घेऊन येतो. रात्री मुक्कामाला गाडी, सकाळी गरम पाणी, पाठीवर ओझंही नको.” योजना प्रेमाची होती, म्हणूनच नको म्हणणे कठीण. मी आधी व्यवहाराचे बोलले, की शूलपाणीच्या झाडीत गाडीरस्ता नाही, सरदार सरोवराच्या पाण्याने जुन्या वाटा बुडाल्या आहेत, माणसे डोंगरांतून जातात. गाडी कुठे ठेवणार? आणि रोपांना पाणी? त्यांनी प्रत्येकाला उत्तर तयार ठेवले होते. मग मी मनातले बोलले. “तुम्ही रोज पुढच्या गावी उभे राहिलात तर मी नर्मदेकाठी चालणार नाही, एका घरून दुसऱ्या घरी चालेन.” हे शब्द त्यांना लागले. ते उठून गाडीबाहेर गेले आणि टायर पाहू लागले. चारही टायर दोनदा पाहिले.

पोटात तुटत होते हो. अडतीस वर्षांत त्यांनी मला एकटीने कुठे पाठवले नाही, त्यात जाच नव्हता, सवय होती. आणि मीही कधी मागितले नव्हते. त्या रात्री ते “चला परत” म्हणाले असते, तर मी परत आले असते की काय, ह्याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

तोडगा वन्संनी काढला. पडदा सारून त्या बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, “अरे, माझ्या लग्नात पाठराखा म्हणून कोण आलं होतं? तूच ना? बारा वर्षांचा होतास. चार दिवस लाडू खाल्लेस आणि परत गेलास. पाठराखा काय सासरी राहतो?”

हे तिथेच हसू लागले. हसता हसता डोळे पुसले असावेत; अंधारात नीट दिसले नाही. रात्री झोपताना मला एवढेच म्हणाले, “रोज फोन करायचा. मिळेल तिथून.”

पुढे बिजासनचा घाट चढून सेंधव्यात शिरलो. जुलवानियाला ह्यांनी आग्रा रस्ता सोडून खरगोनकडे गाडी वळवली. सरळ गेलो असतो तर खलघाटला नर्मदेचा पूल लागला असता. संकल्पाआधी ओलांडली तर दोष नाही, पण हे म्हणाले, “तुम्हाला पुढे ओलांडता येणार नाही, तर मीही आत्ता ओलांडत नाही.” सनावदवरून चौथ्या दिवशी संध्याकाळी ओंकारेश्वरच्या दक्षिण तीरावर पोचलो.

परिक्रमावासीने नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची असते. दक्षिण तीरावरून निघायचे म्हणजे पश्चिमेकडे, थेट आपल्या समुद्राकडे! नदीची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ मिळून अडीच हजारांवर चाल. मुखापाशी होडीने पलीकडे जायचे. त्या होडीत कितीएक जणांना उलट्या झाल्या. वन्सं आणि मी शेंगदाणे खात बसलो होतो. बंदरकाठी जन्मल्याचा तेवढा फायदा.

असो. गोमुख घाटावर स्नान, पूजा, कुमारिकांना जेवण, शिऱ्याचा प्रसाद असे सगळे झाले. बाटलीत नर्मदाजल घेतले. बेटावरच्या ओंकारेश्वराला मात्र तेव्हा जायचे नसते. परिक्रमा पुरी करून जल वाहायला जायचे. ह्यांनी आमच्या पिशव्या हाताने तोलून पाहिल्या. माझ्या पिशवीतून एक पातेले काढून गाडीत ठेवले आणि क्लचची जुनी तार गुंडाळून आत घातली. “वाळत घालायला दोरी,” म्हणाले. ती तार साडेचार महिने उपयोगी पडली. मग गाडी वळवली. वळणावर भोंगा दोनदा वाजवला, जसा ते आपल्या फाटकाशी वाजवतात. वन्सं म्हणाल्या, “चला वहिनी,” आणि आम्ही चालू लागलो.

ते परत कसे आले आणि साडेचार महिने जेवले कसे, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. आठवड्याच्या वारांप्रमाणे डब्याची यादी कोणी केली ते मला मागाहून कळले. मंगळवारची कुळथाची पिठी त्यांना फार आवडली होती. आता माझ्या हातची पसंत पडत नाही, ह्याबद्दल त्या भगिनीशी माझे स्वतंत्र भांडण आहे. रोपे सगळी जगली. दोन तर माझ्या कमरेला लागतात.

जाता जाता एक सूचना. गाडी सध्या चालू स्थितीत आहे, कागदपत्रे नव्याने झाली आहेत. नाताळच्या सुट्टीत हरिहरेश्वर आणि रायगड असा तीन दिवसांचा बेत आहे. जागा आठ. त्यांतल्या पाच भरल्या. रायगड पायऱ्यांनीच चढायचा आहे. ज्यांना रज्जुमार्गाने यायचे असेल त्यांना ह्यांची सोबत आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, आणि येताना आपापली गादी आणावी.