आधी चिप, मग लस

आज जरा वेगळा विषय. आमच्या शेजारच्या वहिनींची लेक गेल्या पावसाळ्यात नवऱ्याकडे इंग्लंडला गेली. व्हिसा आला, तिकीट झालं, पण तिचा मोती इथेच राहिला. मोती म्हणजे जेट्टीवर सापडलेलं गावठी पिल्लू. लेकीने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. दरवर्षी रेबीजची लस टोचलेली, कार्डावर शिक्के. तरी ते कार्ड चाललं नाही. का? तर अंगात चिप नव्हती.

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर. चिपच्या आधी टोचलेली लस इंग्लंडवाले धरतच नाहीत. ती याच कुत्र्याला टोचली हे कशावरून, असं त्यांचं म्हणणं. आपल्या गाईम्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो ना, तसंच हे.

मग सगळं पहिल्यापासून. चिप, नंतर लस, लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्ततपासणी, आणि ती पास झाली तर रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चार महिने गेलेच. अमेरिकेहून येणाऱ्या कुत्र्याला ही रक्ततपासणी लागत नाही. आपल्याकडे रेबीज अजून आहे, म्हणून आपल्याला लागते. राग येतो, पण कुत्रं चावल्यावर इंजेक्शनासाठी धावाधाव केलेल्या बाईला यातलं कारण कळेल.

निघताना मुंबईच्या सरकारी पशु संगरोध केंद्राचा दाखला हवा. इंग्लंडात पोचण्याआधी एक ते पाच दिवसांच्या आत जंताचं औषध, तेही डॉक्टरांच्या हातून आणि कागदावर वेळ लिहून. विमानात कुत्रं मांडीवर नाही, मालाबरोबर.

आपल्याकडचे नियमही काही सरळ नाहीत. मांडव्याच्या रो-रो बोटीतून कुत्र्याला नेता येतं. रेल्वेत मात्र स्लीपरला नाही, थ्री एसीला नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. आणि पिंजऱ्यातल्या पोपटाचं तर विचारूच नका. आपला देशी पोपट पाळणं हाच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग प्रवास लांबच.

मोतीचं रक्त मार्गशीर्षात काढलं. तपासणी पास झाली. तीन महिने शिमग्याच्या सुमारास भरतात. मालकाच्या प्रवासाच्या मागेपुढे पाच दिवसांत कुत्रं पोचलं नाही, तर ते विक्रीचा माल समजतात, वेगळेच कागद लागतात. म्हणून लेक शिमग्याला येणार आणि जाताना त्याला घेऊन जाणार. तोवर तो वहिनींच्या ओटीवर पडून असतो. व्हिडिओ कॉलवर तिचा आवाज आला की आधी फोनकडे बघतो, मग दाराकडे.