रोजची दोन पाने

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे स्मरण करण्याचा प्रघात आहे. आजच्या व्याख्यानाची नायिका त्या प्रघातात सहज बसणारी नाही. ज्या वर्षी तिने आपले नाव जगभर नेणारी कादंबरी लिहिली, त्याच वर्षी तिच्या प्रगतिपुस्तकात सर्जनशील लेखन या विषयापुढे ‘डी’ ही श्रेणी होती. वर्गात नेमून दिलेले काम मागे पडत होते आणि घरी टंकयंत्रावर कादंबरी पुढे सरकत होती. तिचे नाव सुझन एलॉइज हिंटन. वाचकांना ती एस. ई. हिंटन या नावाने ठाऊक आहे आणि तिच्या कादंबरीचे नाव ‘द आउटसायडर्स’.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे शहर तेलाच्या व्यवसायावर भरभराटीला आले. 1960 च्या दशकाच्या मध्यावर सुझन तेथील विल रॉजर्स हायस्कूलमध्ये शिकत होती. शहरातील पैशाची वाटणी शाळेच्या आवारातही उघड दिसत असे. एका बाजूला तेल चोपडून केस मागे वळवणारी, कातडी जाकिटे घालणारी गरीब वस्तीतील मुले. त्यांना ‘ग्रीझर’ म्हणत. दुसऱ्या बाजूला मोटारींतून फिरणारी श्रीमंतांची मुले, म्हणजे ‘सोश’. या श्रीमंत मुलांच्या अंगात त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ‘मद्रास’ शर्ट असत, हा तपशील कादंबरीतही आला आहे. दक्षिण भारतातील हातमागावरचे चौकटीचे साधे कापड टल्साच्या रस्त्यावर श्रीमंतीची खूण होऊन बसले होते. सुझनची दोन्ही गटांत ओळख होती, पण ती कोणत्याच गटाची नव्हती. घरी परतणाऱ्या एका मित्राला श्रीमंत मुलांच्या टोळक्याने मारहाण केली, तेव्हा ती संतापली आणि तिने लिहायला घेतले. त्या वेळी तिचे वय पंधरा वर्षांचे होते.

हा प्रसंग सांगितला की लेखन म्हणजे एका संतापाचा स्फोट, असा समज होण्याची शक्यता असते. वस्तुस्थिती अधिक संथ आणि म्हणूनच अधिक उद्बोधक आहे. सुझन प्राथमिक शाळेत असल्यापासून लिहीत होती. घोडे आणि गुराखी हे तिचे पहिले विषय. ‘द आउटसायडर्स’ हे तिने लिहिलेले तिसरे पुस्तक. आधीची दोन तिने कोणत्याही प्रकाशकाकडे पाठवली नव्हती. या तिसऱ्या पुस्तकाचा पहिला खर्डा अवघा चाळीस टंकलिखित पानांचा होता. पुढे तिने तो पुन्हा लिहिला आणि पुन्हा लिहिला. प्रत्येक वेळी पात्रांची घरे, त्यांच्या सवयी, त्यांची भीती यांची भर पडत गेली. रागातून सुरू झालेली गोष्ट फेरलेखनाने कादंबरी झाली.

याच काळात घरात तिच्या वडिलांच्या मेंदूत गाठ असल्याचे निष्पन्न झाले होते. वडिलांशी तिचा विशेष जिव्हाळा होता. त्यांचे दुखणे जसजसे वाढत गेले, तसतशी ती टंकयंत्राशी अधिकाधिक वेळ बसू लागली, हे तिच्या आईने नोंदवून ठेवले आहे. पुस्तक छापले जाण्यापूर्वीच वडील निवर्तले. कादंबरीचा निवेदक पोनीबॉय कर्टिस हा चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याचे आईवडील अपघातात गेले आहेत आणि थोरले दोन भाऊ घर सांभाळत आहेत. लेखिकेच्या दुःखाचे थेट प्रतिबिंब त्यात शोधण्याची घाई करू नये. मात्र आईवडिलांविना उरलेल्या घरातील शांतता एका सोळा वर्षांच्या मुलीने इतक्या नेमकेपणाने टिपली, याचे वाचकाला आज नवल वाटते ते वडिलांचे आजारपण ठाऊक झाल्यावर थोडे कमी होते.

आता प्रश्न असा की, तिला हे पुस्तक लिहावेसे का वाटले? तिचे उत्तर साधे होते. तिला जे वाचायचे होते, ते ग्रंथालयाच्या फळीवर नव्हते. लहान मुलांची पुस्तके होती, मोठ्यांची होती. मधल्या वयासाठी जे मिळे त्यात नृत्यसमारंभाला कोण कोणाबरोबर जाणार, यासारखे प्रश्न असत. भोवतालच्या मुलांच्या घरांतील दारिद्र्य, वडीलधाऱ्यांची अनुपस्थिती, टोळ्यांचे भय आणि मैत्रीची ओढ यांना तेथे जागा नव्हती. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने 1957 मध्ये किशोर-तरुण वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला होता. वाचकांचा वर्ग असा निश्चित झाला होता. त्यांच्या जगण्यातून उगवलेली पुस्तके मात्र अद्याप थोडी होती. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी हिंटनने न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपरीक्षण पुरवणीत लेख लिहून हीच तक्रार मोठ्यांच्या दरबारात मांडली.

प्रकाशनाची वाटही एका घरगुती परिचयातून निघाली. एका मैत्रिणीची आई मुलांसाठी पुस्तके लिहीत असे. तिने हस्तलिखित वाचले आणि न्यूयॉर्कमधील एका साहित्य-प्रतिनिधीचा पत्ता दिला. शालेय शिक्षण संपल्याच्या समारंभाच्या दिवशीच व्हायकिंग प्रेसचा करार सुझनच्या हाती आला. एप्रिल 1967 मध्ये कादंबरी बाहेर पडली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि टल्सा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. मुलांच्या टोळ्यांविषयी एका मुलीने काय लिहावे, अशा पूर्वग्रहाने परीक्षक पुस्तक हाती घेतील, ही धास्ती प्रकाशकांना होती. म्हणून मुखपृष्ठावर पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे आली.

या कादंबरीच्या रचनेत शाळेशी संबंधित एक सुंदर योजना आहे. घडलेल्या प्रसंगांनी खचलेल्या पोनीबॉयचे अभ्यासातील लक्ष उडते आणि तो नापास होण्याच्या बेतात असतो. इंग्रजीचे शिक्षक त्याला बोलावून घेतात आणि सांगतात की, एक चांगला निबंध लिहून आण, म्हणजे उत्तीर्ण करतो. विषय त्याने स्वतः निवडायचा असतो. काय लिहावे हे त्याला सुचत नाही. अखेरीस जे कोणालाच सांगता आले नव्हते तेच तो लिहू लागतो. तेथे वाचकाच्या ध्यानात येते की आपण आतापर्यंत वाचत आलो तो हाच निबंध होता. सर्जनशील लेखनात ‘डी’ श्रेणी मिळवणाऱ्या मुलीने आपल्या कादंबरीत एका समजूतदार शिक्षकाला असे मानाचे स्थान द्यावे, यात कडवटपणाचा लवलेशही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सामान्यतः अशी कथा येथेच संपवतात. वस्तुतः नवोदित लेखकाच्या दृष्टीने खरी कथा येथून पुढे सुरू होते. पुस्तक गाजले, पत्रे येऊ लागली, आणि जिला टंकयंत्रापुढे बसणे हाच सर्वांत मोठा आनंद होता, तिला लिहिता येईना. पुढचे पुस्तक कसे असेल याकडे आता अनेकांचे डोळे लागले होते. वयाच्या विसाव्या वर्षी तिने स्वतःचीच कादंबरी पुन्हा वाचली आणि ती तिला टाकाऊ वाटली. काही वर्षे अशीच उदासीनतेत गेली. शिक्षणशास्त्राची पदवी घ्यायची, शिक्षिका व्हायचे, असा विचार तिने केला. प्रत्यक्ष वर्गात सराव-पाठ घेतल्यावर तेही आपल्या प्रकृतीला झेपणारे नाही, असे तिला कळून आले.

या कोंडीतून तिला बाहेर काढले ते एका साध्या अटीने. विद्यापीठात भेटलेला आणि पुढे तिचा पती झालेला मित्र तिला म्हणाला की, रोज दोन पाने लिहायची. ती झाली नाहीत तर संध्याकाळी फिरायला जायचे नाही. उत्तम पाने हवीत, अशी अट त्यात नव्हती. फक्त दोन पाने. ती रोज दोन पाने लिहू लागली. पहिल्या पुस्तकाच्या वेळी जे आवेगाने येत होते, ते आता एकेक वाक्य तोलून, खोडून, पुन्हा लिहून येऊ लागले. पानांची चळत वाढत गेली. 1970 मध्ये तिला पदवी मिळाली, त्याच वर्षी विवाह झाला आणि 1971 मध्ये दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यानंतर 1975 मध्ये ‘रंबल फिश’ आणि 1979 मध्ये ‘टेक्स’ आली. किशोर-तरुणांच्या साहित्यातील कारकिर्दीसाठी दिला जाणारा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार 1988 मध्ये प्रथमच दिला गेला, तो तिलाच.

मित्रहो, पंधराव्या वर्षीचा आवेश ही दैवी देणगी मानली, तरी ती एकदाच मिळते. रोजची दोन पाने कोणालाही लिहिता येतात. दोन पानांच्या हिशेबाने शंभर दिवसांत दोनशे पाने होतात. ज्याच्या मनात कादंबरी आहे आणि जो परीक्षा, शिकवणी, घरची कामे यांतून वेळ मिळत नाही म्हणून सुटीची वाट पाहत बसला आहे, त्याने हा हिशेब एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहावा.

या कथेला एक उत्तरार्ध आहे आणि त्याचे श्रेय एका शाळेच्या ग्रंथालयाकडे जाते. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथील लोन स्टार शाळेच्या मुलांना ‘द आउटसायडर्स’ इतकी आवडे की, त्या ग्रंथालयाच्या सेविकेने 1980 मध्ये चित्रपट-दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र पाठवले. या कादंबरीवर चित्रपट करावा, अशी विनंती करून सोबत विद्यार्थ्यांच्या सह्या जोडल्या. कपोलांनी पुस्तक वाचले. चित्रपट 1983 मध्ये प्रदर्शित झाला आणि तो त्या ग्रंथपाल व त्या शाळेतील विद्यार्थ्यांना अर्पण करण्यात आला. पुढे याच कादंबरीवरील संगीत नाटकाला 2024 मध्ये अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार लाभला.

मराठीतही कुमारवयाचे चित्रण समृद्ध आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना वाचनाची गोडी लावली. भागवतांचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा, इंदूरचा, हेही या प्रसंगी आवर्जून आठवावे. ही सारी पुस्तके प्रौढांनी मायेने लिहिलेली आहेत. मुलांचे जग मुलांच्या वयातूनच लिहिले गेले, तर त्याचा स्वर निराळा लागतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतील विद्यार्थ्यापाशी असा निराळा स्वर मुळातच असतो. तो आजीशी मराठीत बोलतो, बसथांब्यावर तेथील प्रांताच्या भाषेत, शिकवणीच्या वर्गात हिंदीत आणि अर्ज भरताना इंग्रजीत. सुटीत महाराष्ट्रातील नातेवाइकांकडे गेला की त्याच्या मराठीला लोक हसतात. परत आला की शेजारी त्याला ‘तुमच्याकडे’ काय करतात ते विचारतात. घरातली भाषा टिकेल की नाही, आपण नेमके कोठले, मराठी माध्यमात शिकून पुढे निभाव लागेल का, हे प्रश्न तो रोज दप्तरासोबत वाहत असतो. सुझनप्रमाणे त्याची दोन्हीकडे ओळख असते आणि दोन्हीकडे तो थोडा बाहेरचाच राहतो. या जगण्यावरची कादंबरी शाळेच्या ग्रंथालयात शोधावी. मिळाली तर वाचावी. मिळाली नाही, तर ती कोणी लिहायची, याचे उत्तर टल्साच्या एका विद्यार्थिनीने देऊन ठेवले आहे. त्यात इतर भाषांचे शब्द येतील, बोली वेगळी लागेल, शुद्धलेखनाच्या चुकाही होतील. चुका पुढच्या खर्ड्यात दुरुस्त करता येतात.

या शाळेने साठ वर्षे परप्रांतात मराठी अक्षर गिरवून घेतले, हे कार्य मोठे आहे. तिच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. शेवटी शिक्षकांना एक नम्र विनंती. वर्गातील एखाद्या मुलीचा निबंध अपुरा आला, गृहपाठाची वही कोरी राहिली, तर गुण भरण्यापूर्वी तिला जवळ बोलावून एकदा विचारून पाहावे, “बाळ, सध्या आणखी काय लिहिते आहेस?”