सफरचंदाला नावाने हाक मारा

दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात माझं बोलणं संपवतो. पीण्यासारख्या लेथ, प्रेस आणि फाउंड्रीच्या वस्तीत एक निवृत्त फौजी सफरचंदावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. जवानाच्या ताटात फळ पोचवणं आणि ते नासू न देणं हे आमच्या कामातलं. म्हणून हा विषय घेतला.

आधी मला सांगा, बाजारात जाऊन कोणी नुसतं 'आंबे द्या' म्हणतो का? हापूस की पायरी, केशर की तोतापुरी, हे ठरवूनच आपण पिशवी पुढे करतो. सफरचंदाच्या गाडीवर मात्र एकच प्रश्न असतो, 'किलोला कसं?' कारण आपल्या घरात सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं फळ. दवाखान्यात भेटायला जाताना चार घ्यायची. आजाऱ्याला कोण चव विचारतो? जगात सफरचंदाच्या हजारो जाती आहेत आणि आपण 'लाल' आणि 'हिरवं' एवढ्यावर भागवतो.

आता थोड्या ओळखी करून देतो. काश्मीरचं जुनं, खास तिथलं सफरचंद म्हणजे अंबरी. लांबट आकार, हिरवट-पिवळ्या अंगावर लाल रेघा, गोड चव आणि वास असा की खोलीत ठेवलं तर बाहेरच्याला कळावं. दुसरं महाराजी. दिसायला मोठं, लाल, रसरशीत आणि चवीला चांगलंच आंबट. हिमाचलात 1916च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स, म्हणजे पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी कोटगढला अमेरिकेतून डेलिशियस जातीची रोपं आणली. आज गाडीवर जे लाल दिसतं ते बहुतेक त्याच घराण्यातलं. किन्नौरचं सफरचंद उंचावरचं, म्हणून घट्ट आणि टिकाऊ. हिरवं ग्रॅनी स्मिथ सिडनीजवळच्या मारिया ॲन स्मिथ या आजीबाईंच्या अंगणातलं, एकोणिसाव्या शतकातलं. फुजी जपानचं, 1962 साली त्याचं नामकरण झालं.

बेंगळुरूचंही एक सफरचंद होतं, त्याचं नाव रोम ब्यूटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या बंगल्यांच्या बागांत ते पिकत असे. डेलिशियससारख्या जातींना फुलण्यासाठी सात अंशांखालच्या थंडीचे सुमारे हजार तास लागतात. ती थंडी बेंगळुरूत कुठून येणार? याच रोम ब्यूटीचं पीक आजही इंडोनेशियात, जावा बेटावरच्या बाटू गावात घेतात. तिथे झाडाची सगळी पानं हाताने काढतात. झाडाला वाटतं हिवाळा येऊन गेला, आणि ते पुन्हा फुलतं. वर्षाला दोन पिकं निघतात. आपले संत्र्या-डाळिंबाचे शेतकरी ताण देऊन बहार धरतात, त्याचाच हा भाऊ. आता तर हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-99 ही जात काढली. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या काही शेतकऱ्यांनीही ती लावली आहे.

आता साठवण. पहिली गोष्ट, तोडलेलं सफरचंद श्वास घेत असतं. आणि ते इथिलीन नावाचा वायू सोडतं, जो फळं पिकवतो. आपल्या आजीला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण आढी तिला माहीत होती. एक नासका आंबा आढी नासवतो, तसंच एक डागाळलेलं सफरचंद पेटी नासवतं. म्हणून घरी आणल्यावर आधी निवड करा. ठेचलेलं, देठ निघालेलं आधी खा. चांगली फळं न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. धुवायचं ते खाताना. फ्रिजमध्ये जे आठवडे टिकतं ते बाहेर टोपलीत काही दिवसांत पिठूळ होतं. पालेभाजी, काकडी, गाजर शेजारी ठेवू नका. पाला पिवळा पडतो, गाजर कडवट होतं. उलट कच्ची केळी पिकवायची असतील तर त्यांच्याजवळ एक सफरचंद ठेवा.

थंडीलाही मर्यादा आहे. उणे दोन अंशांच्या आसपास सफरचंद गोठतं, आणि वितळलं की आतून लगदा. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत जातो. तिथे फळाला गारवा देण्यापेक्षा ऊब देणं अवघड. तिथले लोक भाजी जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवतात, कारण मातीचं तापमान फारसं हलत नाही. मोठ्या गोदामांत वेगळी युक्ती असते. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, तो दोन टक्क्यांच्या आसपास आणतात, तापमान शून्याजवळ ठेवतात. फळाचा श्वास मंदावतो आणि ऑक्टोबरचं सफरचंद मे महिन्यात कुरकुरीत मिळतं. मात्र गोदामाबाहेर आलं की ते भराभर उतरतं. म्हणून उन्हाळ्यात आठवडाभराचं नको, दोन दिवसांचं घ्या.

खायचं कसं? अंबरी मिळालं तर नुसतं खा, दुसरं काही करू नका. महाराजी किंवा ग्रॅनी स्मिथ म्हणजे कैरी समजा; मेथांबा करा, जेवणाची रंगत वाढते. पिठूळ झालेलं फेकू नका, किसून शिऱ्यात घाला. आणि इथल्या डबेवाल्या मंडळींसाठी: फोडी करून परत जोडा, रबर बँड लावा. हवा लागत नाही, दुपारपर्यंत काळं पडत नाही.

शेवटी मुद्द्याचं. अंबरीचं झाड उशिरा फळ धरतं आणि त्याचं फळ भडक लाल नसतं. बाजाराला लाल हवं, म्हणून बागाईतदारांनी अंबरी काढून डेलिशियस लावलं. श्रीनगरच्या कृषी विद्यापीठाने अंबरीच्या संकरातून लाल अंबरी, सुनहरी अशा जाती काढल्या, पण मूळ झाड शेतकरी तेव्हाच राखेल जेव्हा त्याचं फळ कोणीतरी नाव घेऊन मागेल. रोम ब्यूटी या शहराच्या बागांतून गेली तेव्हा कोणी हाक मारली नाही. आज बेंगळुरूत जन्मलेल्या पोराला ती इथे होती हेही ठाऊक नाही.

दुकानदार पहिल्यांदा हसेल. तिसऱ्यांदा विचारलंत तर तो मंडईत घाऊक व्यापाऱ्याला विचारेल, आणि व्यापारी शोपियानच्या माणसाला फोन लावेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा माल येतो. तेव्हा किलोचा भाव विचारण्याआधी फक्त इतकं विचारा, 'कुठलं? नाव काय त्याचं?'

भोंगा होईल आता. कामावर जा. जय हिंद.