घाटासाठी गाडी : डिझेल की पेट्रोल?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर केलेले भाषण)



मी आयुष्यभर मुलांना मोटार मेकॅनिकचा विषय शिकवला. त्यामुळे निवृत्तीनंतरही पार्किंगमध्ये भेटणारा एकजण तरी हमखास विचारतो, "सर, गाडी घ्यायची आहे. गावाला जाताना घाट लागतो. डिझेल घेऊ का पेट्रोल?" जिन्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आज समितीने माईक हातात दिलाच आहे, तर नीट देतो.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. गणपतीच्या आधी आपल्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या ताम्हिणी, कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरून कोकणात जातात. मागच्या सीटवर आई-वडील, मांडीवर नातवंडं, डिकी भरलेली आणि वर पाऊस. म्हणजे पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न घरच्या माणसांचा आहे.

आधी डिझेलचं नाव एवढं का झालं ते पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्याला टर्बोची जोड मिळाली की कमी फेऱ्यांवरच भरपूर खेच मिळते. हीच खेच म्हणजे टॉर्क. आकडा सांगतो. आजच्या साध्या, बिनटर्बोच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाची खेच साधारण १४० ते १४५ न्यूटन-मीटर असते आणि ती पुरती मिळायला इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर न्यावं लागतं. तेवढ्याच आकाराच्या डिझेल इंजिनाची खेच २५० च्या आसपास, आणि ती १,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असते. म्हणून सात माणसं घेऊन चढणीच्या वळणावर वेग मोडला, तरी डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता उचलते. साधी पेट्रोल गाडीही चढते, फक्त गिअर खाली टाकून इंजिन ओरडू द्यावं लागतं. ते ओरडणं म्हणजे बिघाड नव्हे. पुष्कळ लोक त्या आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकतात आणि मग "गाडीत दम नाही" म्हणतात.

आता टर्बो पेट्रोल गाड्या आल्या आहेत. त्यांतल्या दीड लिटरच्या काही गाड्यांची खेच डिझेलच्या बरोबरीला पोहोचते. म्हणजे "घाट म्हणजे डिझेलच" हे वाक्य वीस वर्षांपूर्वी जेवढं खरं होतं, तेवढं आज राहिलेलं नाही. पण टर्बो पेट्रोल भरल्या गाडीत जोरात चालवली, की ॲव्हरेज झपाट्याने खाली येतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट उंचीची. वर जावं तशी हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद घटते. ढोबळ हिशेब असा, की दर हजार मीटरला दहा टक्के. आपलं पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. हा फरक जाणवेल न जाणवेल एवढाच. सह्याद्रीसाठी उंचीची चिंता करूच नका. लडाखला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथल्या पाच हजार मीटरच्या खिंडीत हवा जवळपास चाळीस टक्के विरळ असते. तिथे टर्बो हवाच, मग इंधन कोणतंही असो. आणि तिथल्या हिवाळ्यात साधं डिझेल गोठायला लागतं. त्यासाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल तिकडे आणावं लागलं. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा, की तुमचा डोंगर कोणता?

तिसरी गोष्ट खिशाची. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीस रुपयांपर्यंत फरक होता. म्हणून तेव्हा ज्याने त्याने डिझेल घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि तो फरक आटला. आज आपल्याकडे तो साधारण तेरा-चौदा रुपये आहे. फळा नाही, म्हणून तोंडी हिशेब मांडतो. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १४ धरलं, तर किलोमीटरला सात रुपये त्रेचाळीस पैसे. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १८ धरलं, तर पाच रुपये. वाचतात दोन रुपये त्रेचाळीस पैसे. डिझेल गाडीला सुरुवातीला सव्वा लाख जास्त मोजले असं धरा. वर्षाला ८,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ते पैसे सुटायला सहा वर्षांहून जास्त लागतील. २०,००० फिरणाऱ्याचे अडीच-पावणेतीन वर्षांत सुटतील. आपल्या गाडीचे आकडे घालून घरी हा हिशेब करा. शोरूममध्ये बसून करू नका.

चौथी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. सकाळी भाजी मंडई, संध्याकाळी नातवाचा क्लास, एवढीच गाडी चालत असेल तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. वर्षातून दोनदा कोकणात जाण्यासाठी डिझेल घ्यायची आणि उरलेले पन्नास आठवडे ती कर्वे रस्त्यावर रांगवायची, हा त्या इंजिनावर अन्याय आहे आणि आपल्या पैशांवरही.

आता ज्यासाठी मी खरा उभा राहिलो ते सांगतो. आत्तापर्यंत सगळं बोलणं चढाचं झालं. पण चढावर गाडी कमी पडली तर काय होतं? वेळ लागतो, मागचा हॉर्न वाजवतो. उतारावर चूक झाली तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही. आणि आपण पुण्याचे लोक. मुंबईकर आधी घाट चढतात आणि परतताना उतरतात. आपलं उलट आहे. कोकणात जाताना, गाडी गच्च भरलेली असताना, आपल्याला आधी उतारच लागतो.

उतारावर काय घडतं ते पाहा. माणसांसकट दीड टनाची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरते. उतरण बाराशे मीटर धरू. एवढ्या उंचीवरून गाडी खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने पन्नास लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. थोडी वारा आणि टायर खातात. बाकीची जिरवायला दोनच जागा, एक ब्रेक आणि दुसरं इंजिन. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक लाल होईस्तोवर तापतात, जळका वास येतो, ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळून पेडल मऊ पडतं. त्यानंतर पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही.

म्हणून उतारावर गाडी गिअरने धरायची. इथे एक समज तपासून घ्या. "डिझेल गाडी उतारावर आपोआप जास्त धरते" असं म्हणतात. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते आणि इंजिनाला पोकळीविरुद्ध ओढ घ्यावी लागते, त्याने गाडी रोखली जाते. डिझेल इंजिनात अशी झडप मिटून हवा अडवण्याची पद्धत मुळात नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. आतलं घर्षण जास्त म्हणून ते थोडं धरतं, पण त्यावर विसंबू नये. ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात तो यासाठीच. दुसरीकडे, एक लिटरचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन जड गाडीत असेल तर तेही फार धरत नाही. थोडक्यात, उतारावर कोणतंच इंधन तुम्हाला वाचवत नाही. खालचा गिअर वाचवतो.

नियम सोपे आहेत. उतार सुरू होण्याआधीच गिअर उतरवा, दुसरा किंवा तिसरा. वळणाआधी ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करा आणि सोडा. पाय सतत पेडलवर टेकवून ठेवू नका. ऑटोमॅटिक असेल तर नुसतं डी मध्ये उतरू नका. एल, एस किंवा मॅन्युअल, जे काही दिलं असेल ते वापरा आणि कसं वापरायचं ते घाटात नव्हे, आपल्या गल्लीत शिकून घ्या. आणि न्यूट्रल कधीही नाही. "न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं" हा हिशेब जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांबरोबर गेला. आजची गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळपास पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. तो कायद्याचा नियम आहे आणि शहाणपणाचाही.

तेव्हा माझं उत्तर असं. वर्षाला पंधरा हजारांच्या वर फिरत असाल, गाडी मोठी आणि नेहमी भरलेली असेल, हायवे वरचेवर होत असेल, तर डिझेल जरूर घ्या. शहरातच फिरणं असेल आणि घाट सणासुदीलाच लागत असेल, तर पेट्रोल घ्या. भार जास्त असेल तर टर्बो पेट्रोल. दोघांतून वाचलेल्या पैशातले थोडे पावसाळ्याआधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर यांवर खर्च करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या.

या गणपतीला ज्यांच्या गाड्या निघणार आहेत, त्यांनी आधीच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मला हाक मारावी. चहा पाजलात तर टायर आणि ब्रेक दोन्ही पाहून देईन.